रशियन बोलताना ‘वेडा’ म्हणायचंय? या चुका टाळा

मी मराठी मुलांना रशियन शिकवते. एका विद्यार्थिनीने धाकट्या बहिणीबद्दल निबंध लिहिला होता. ‘वेडी आहे ती, अर्ध्या रात्री उठून मांजरांना दूध देते’ हे वाक्य तिला लाडाने लिहायचं होतं. शब्दकोश उघडून तिने ‘दूरा’ हा शब्द टाकला. रशियन वाचणाऱ्याला त्या वाक्यातून लाड कळलेच नसते. बहीण मूर्ख आहे, एवढंच कळलं असतं.

गोची इथेच होते. मराठीत ‘वेडा’ म्हटलं की आजार, मूर्खपणा, प्रेम, छंद, राग असं सगळं एका शब्दात मावतं आणि उरलेलं आवाजावरून कळतं. रशियनमध्ये यातल्या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे. ‘दुराक’ (स्त्रीलिंगी ‘दूरा’) म्हणजे मूर्ख, वेडा नव्हे. लोककथांमधला इवान-दुराक शेवटी राजकन्या मिळवतो हे खरं, पण म्हणून तो शब्द कुणाच्याही तोंडावर म्हणायचा नाही.

वेड ‘लागत’ नाही, माणूस ‘उतरतो’

‘त्याला वेड लागलं’ हे शब्दशः रशियनमध्ये नेऊ नका. तिथे कर्ता माणूसच असतो: ‘ओन साशोल सुमा’. ‘स उमा’ म्हणजे बुद्धीवरून, आणि क्रियापद तेच, जे आगगाडीतून उतरताना वापरतात. माणूस बुद्धीवरून खाली उतरला! बाई असेल तर ‘साश्ला’. सवयीने ‘येमू’ (त्याला) लावून वाक्य सुरू केलंत, तर ते पुढे जाणारच नाही. याच क्रियापदापासून ‘सुमाशेत्शी’ हे विशेषण झालं आहे. लिहिताना त्यात ‘स’ आणि ‘श’ शेजारी येतात, पण उच्चारात फक्त ‘श’ ऐकू येतो. नुसतं ‘सुमा सायती!’ म्हटलं की ते ‘कमाल आहे!’ होतं, आणि ते निर्धास्त वापरा.

उलट ‘क्रीशा पायेखाला’ (छप्पर सरकलं) म्हणताना ‘उ निवो’ (त्याचं) लागतं. आपल्या ‘डोकं फिरलंय’च्या अगदी जवळचा हा वाक्प्रचार, पण मित्रांपुरताच ठेवा.

पेल्याला पेला की डोक्याला धक्का?

‘चोक्नुत्सा’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: पेल्याला पेला भिडवणं आणि डोकं फिरणं. ‘चला, पेले भिडवू’ म्हणायचं तर ‘दावाय्ते चोक्न्येम्सा’, इथे गैरसमज होत नाही. पण समोरच्याला ‘ती चोक्नुल्सा?’ (रशियन ‘ती’ म्हणजे तू) विचारलंत, तर ‘तुझं डोकं फिरलंय का?’ असंच ऐकू जाईल. आणि कुणाच्या मृत्यूनंतरच्या जेवणाला बसला असाल तर शब्दच काय, ती कृतीही टाळा. तिथे पेले न भिडवता पितात.

‘बिझूम्नी’ आणि ‘निऊम्नी’

दोन्ही शब्दांत ‘उम’ (बुद्धी) आहे, दोन्हींना नकार जोडलेला आहे. म्हणून विद्यार्थी हमखास अदलाबदल करतात. ‘बिझूम्नी’ म्हणजे बुद्धीचं बंधन सुटलेला, त्यात एक उंची आहे, वादळासारखं काहीतरी. ‘निऊम्नी’ म्हणजे साधा कमी अकलेचा. ‘मी त्या गाण्यामागे वेडा आहे’ म्हणायचं असेल, तर या दोन्हींपैकी कुठलाच नको. ‘या बेझुमा आत’ म्हणा आणि पुढचं नाम षष्ठीत ठेवा. माझ्या मते हा सगळ्यात गोड प्रयोग आहे, आणि तोच सगळ्यात कमी शिकवला जातो.

आजाराबद्दल बोलताना

‘प्सिख’ हा शब्द शिवीसारखा आहे. ‘नी प्सिखूय’ म्हणजे ‘उगाच डोकं तापवू नकोस’ एवढंच. पण खऱ्या रुग्णाला ‘प्सिख’ म्हणणं क्रूर आहे. तिथे ‘मानसिक विकार असलेला माणूस’ असंच सरळ रशियनमध्ये म्हणा: ‘चिलव्येक स प्सिखीचिस्किम रास्स्त्रोय्स्तवम’. लांब आहे, तरी पाठ करा. या बाबतीत जपून बोलायला एक कारण इतिहासातही आहे. 1836 मध्ये रशियन विचारवंत चादायेव यांचं रशियावर टीका करणारं पत्र ‘टेलिस्कोप’ मासिकात छापून आलं, तेव्हा झार पहिला निकोलाय याने त्यांना वेडा ठरवलं आणि मॉस्कोतल्या त्यांच्या घरी डॉक्टर पाठवले. सोव्हिएत काळात तर विरोधकांवर ‘मंदगतीचा स्किझोफ्रेनिया’ अशी निदानं चिकटवली गेली. म्हणून राजकारणावर गप्पा मारताना असले शब्द हलकेपणाने फेकू नका.

‘खुरासानी ओवा खाल्लास का?’

कुणी भलतंच वागलं की रशियन माणूस विचारतो, ‘ती श्तो, बिलिनी आबयेल्सा?’ ‘बिलिना’ म्हणजे खुरासानी ओवा. ती विषारी वनस्पती खाल्ली की माणूस बरळायला लागतो. पुश्किनच्या कोळी आणि माशाच्या कथेत (1833) म्हातारा आपल्या हावरट बायकोला हेच विचारतो, पण तिथे क्रियापद ‘आबयेलास’ आहे. बाईला विचारताना पुरुषाचं रूप वापरणं, ही आमच्या वर्गातली नेहमीची चूक.

‘युरोदिवी’ वेडा नव्हे

फाटक्या कपड्यांत, साखळदंड अंगावर घेऊन हिंडणारा, राजालाही खरं सुनावणारा, असा तो ‘युरोदिवी’. त्याचं भाषांतर ‘वेडा’ केलं तर सगळंच हरवतं. ‘अवलिया’ त्याच्या जवळ जातो. मॉस्कोच्या लाल चौकातलं रंगीत घुमटांचं चर्च 1555 ते 1561 मध्ये बांधलं गेलं. त्याचं मूळ नाव वेगळं, पण 1588 मध्ये एका युरोदिवीच्या थडग्यावर तिथे छोटं मंदिर जोडलं, आणि लोकांनी अख्ख्या चर्चला त्याचंच नाव दिलं: वासिली ब्लाझेन्नी.