सोलापुरात कॉलेजला येताय? लेखनिक जूनमध्येच शोधा

बारावीपर्यंत शाळा बघून घेते. लेखनिकाचा, म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणाऱ्याचा, अर्ज कधी करायचा, परवानगी कुठून आणायची, हे वर्गशिक्षकांना माहीत असतं. कॉलेजात ऑफिसच्या खिडकीपुढं आपणच उभं राहायचं असतं, आणि ‘मी दिव्यांग आहे’ म्हटलं की समोरच्याला आधी फीसवलत आठवते. मला अल्पदृष्टी आहे, बी.कॉम. सोलापुरातच केलं. यंदा प्रवेश घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर, तपासणी सिव्हिलला. कुठल्या तपासणीला कुठला वार, हे विचारूनच निघा. अक्कलकोट-सांगोल्याहून येणाऱ्यांचा नाहीतर अख्खा दिवस वाया जातो. कार्डावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा राखीव आहेत, वयातही ५ वर्षांची सूट आहे. टक्केवारी कमी आली म्हणून हातपाय गाळू नका. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये लेखनिकाचा हक्क दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ४० च्या खालच्यांसाठीही नियम काढले. त्यासाठी सरकारी डॉक्टरांच्या समितीचा दाखला लागतो.

आता अर्ज. ‘योग्य ते सहकार्य मिळावे’ असं लिहिलंत तर सहकार्य म्हणून शुभेच्छा मिळतील. काय पाहिजे ते नेमकं लिहा. मी लिहायची: प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात, बसायला ट्यूबलाइटखाली पण खिडकीकडं पाठ करून (एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन थेट डोळ्यांत आलं की मला कागद नुसता पांढरा दिसतो), लेखनिक आणि भरपाईचा वेळ. व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं तळमजला मागितला, मिळाला; स्वच्छतागृह मात्र वरच्या मजल्यावर. पुढच्या सत्रात तिनं तेही अर्जात घातलं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का, तारीख घ्या. “बघू की, परीक्षा लांब हाय अजून,” असं हसून सांगतील. तुम्हीही हसा, पण शिक्का घेऊनच निघा. परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरताना दिव्यांगांचा रकाना रिकामा राहिला, तर हॉल तिकीट आल्यावर धावपळ होते, आणि विद्यापीठ गावाबाहेर, केगावला आहे.

वेळेचा हिशोब पाठ असू द्या. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाला पात्र असून तुम्ही स्वतःच लिहिलंत, तरी हा वेळ मिळतो. एका परीक्षेत शेवटची घंटा झाली आणि वर्गावरच्या सरांनी माझी उत्तरपत्रिका ओढायलाच घेतली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून परवानगीपत्राची झेरॉक्स पेपर सुरू व्हायच्या आधीच टेबलावर ठेवायचे.

खरी कसोटी लेखनिकाची. स्वतःचा लेखनिक आणायचा तर २०१८ च्या सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण आपल्यापेक्षा एक पायरी खाली असावं लागायचं; आताचा नियम परीक्षा विभागात विचारून घ्या. वर्गमैत्रीण चालत नाही, आणि खालच्या वर्गातल्यांच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. मला शेजारच्या काकूंची अकरावी आर्ट्सची मुलगी मिळाली. अक्षर सुरेख, पण अकाउंट्सचा गंध नाही. म्हणून जुने पेपर घेऊन तिच्याबरोबर बसायचे. रकाने आधी आखून घ्यायचे, नावे कुठं, जमा कुठं, रक्कम सांगताना ‘पंधराशे’ न म्हणता एक-पाच-शून्य-शून्य म्हणायचं, खाडाखोड झाली तर एकच रेघ. बोलून उत्तर देणं ही वेगळीच कला आहे. पुढचं वाक्य मनात जुळवत असताना मागचं कुठवर लिहून झालंय याकडं कान ठेवावा लागतो. सवय नसेल तर तो जादा तास त्यातच जातो. दुसरी एक मुलगी तयार ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री ताप कुणालाही येतो. तिचं नाव आणि ओळखपत्रही अर्जात आधीच द्या. वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे लेखनिक घेता येतात. आणि स्वतंत्र खोली मागा, नाहीतर तुम्ही कुजबुजत उत्तरं सांगत बसाल आणि मागच्या बाकावरचे ती आनंदानं उतरवून घेतील.

अंतर्गत चाचण्यांचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्या प्राध्यापकांच्या हातात असतात, तेव्हा प्रत्येकाला सत्राच्या सुरुवातीलाच जाऊन भेटा.

अभ्यासासाठी एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर आहे, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याचा मराठी आवाज सुरुवातीला ऐकवत नाही, महिन्याभरात कान सरावतो. ‘सुगम्य पुस्तकालय’ या छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच्या ग्रंथालयात पुस्तकं ऑनलाइन मिळतात. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’ या राज्य सरकारच्या पोर्टलवर. तिथं आधार, बँक खातं आणि यूडीआयडीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडं पूर्ण आणि दुसरीकडं आद्याक्षर असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

कॉलेजनं ऐकलंच नाही तर प्राचार्यांना लेखी स्मरणपत्र, मग विद्यापीठाचा परीक्षा विभाग, आणि तरीही नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार. आमच्यातल्या बहुतेकांचं काम स्मरणपत्रावरच झालं, कारण त्यात पहिल्या अर्जाची आवक तारीख लिहिलेली होती.