फ्लॉवर कॉर्व्हेटचा मागचा डेक, १/७२ मापात

आधी साल ठरवा, मग कटर हातात घ्या. सुरुवातीच्या ब्रिटिश फ्लॉवर कॉर्व्हेटच्या (दुसऱ्या महायुद्धातलं पाणबुडीविरोधी छोटं लढाऊ जहाज) मागच्या डेकवर सुरुंग काढायचं सामान असे: विंच, डॅव्हिट (सामान उचलायचा छोटा हात), ओरोपेसा फ्लोट (सुरुंग कापायची तार ओढणारा तरंगता फ्लोट). पुढे ते बऱ्याच जहाजांवरून उतरवलं गेलं आणि डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, वाढले, ४० वरून ७० च्या आसपास. दोन्ही काळांचं सामान एकाच डेकवर बसवलं की मॉडेल फसलंच.

मार्क ७ डेप्थ चार्ज म्हणजे सुमारे १८ इंच व्यासाचं, २८ इंच लांबीचं पिंप. आपल्या मापात ६.३५ मिमी व्यास, १० मिमी लांबी. पाव इंची स्टायरिन (प्लॅस्टिक) नळी नेमकी बसते. लाकडी ठोकळ्यात खाच पाडून अडसर लावा आणि ९.५ मिमीचे तुकडे कापा. दोन्ही टोकांना ०.२५ मिमी शीटच्या चकत्या लावल्या की लांबी जुळते. एका टोकाच्या मधोमध पिस्तुलाची (चार्ज फोडणाऱ्या यंत्रणेची) छोटी चकती हवीच.

खरी कसोटी रेल्सची, म्हणजे चार्ज मागून पाण्यात सोडायच्या रुळांची. चार्ज त्यांवर आडवे, म्हणजे जहाजाच्या रुंदीच्या दिशेने पडलेले असतात आणि स्वतःच्या वजनाने मागे घरंगळत जातात. ते उभे किंवा लांबीच्या दिशेने ठेवणं ही नेहमीची चूक. आतली रुंदी १०.५ मिमी ठेवा. डेक मागे किंचित चढतो, म्हणून पुढचे पाय उंच घ्या, नाहीतर उतार उलटा पडतो. डेकला आडवा बाकही आहे, त्यामुळे बाहेरचे पाय आतल्यांपेक्षा थोडे लांब. चिकटवण्याआधी एक सुटा चार्ज ठेवून पाहा. तो आपोआप मागच्या कडेपर्यंत गेला पाहिजे. पातळ पट्ट्यांवर लिक्विड सिमेंट टेकवण्यापुरतंच लावा, जास्त झालं की पट्टी वितळून वाकते. रेल्स आतून आधीच रंगवा, चार्ज भरल्यावर ब्रश पोचत नाही.

थ्रोअरची (चार्ज बाजूला दूर फेकणाऱ्या यंत्राची) नळी बाहेरच्या बाजूला कललेली, तिच्यावरच्या पाळण्यात चार्ज मात्र जहाजाच्या लांबीच्या दिशेने. एका चार्जचं वजन ४२० पौंड, म्हणजे १९० किलो, त्यामुळे शेजारी उचलायचा छोटा डॅव्हिट आणि कप्पी दाखवा. त्याशिवाय थ्रोअर पुन्हा भरणार कसा?

आपल्या भारतीय नौदलातली कॉर्व्हेट ‘महरट्टा’ करायची असेल, तर नुसती नावाची पट्टी बदलून भागत नाही. ती पूर्वीची ब्रिटिश ‘चार्लॉक’, सुधारित फ्लॉवर वर्गातली. तिचा पुढचा उंच डेक जास्त लांब आहे, म्हणून मागच्या डेककडे वळण्याआधी तो बदल उरकून घ्या.