प्लेस्टेशनचं लोडिंग कमी करायचंय? ड्राइव्ह घेताना या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की लातूर-नांदेडकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक मागणी ठरलेली असते: "दादा, गेम लोड व्हायला लई टाइम लागतो, मोठी हार्डडिस्क द्या." पहिली चूक इथंच होते. जागा वाढली म्हणून वेग वाढत नाही. सोनीच्या पीएस फोर (प्लेस्टेशन ४) या गेम खेळायच्या यंत्रात, म्हणजे कन्सोलमध्ये, मुळात ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) फिरती हार्डडिस्क असते. तिच्या जागी तसलीच २ टीबीची बसवली तर गेम जास्त मावतील, लोडिंग तेवढंच रेंगाळेल. तिथं २.५ इंची साटा (जुन्या, साध्या जोडणीची) एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा, साधी चालते. महागडी एनव्हीएमई (साटापेक्षा कितीतरी वेगवान एसएसडी) यूएसबी केसमध्ये घालून पीएस फोरला जोडू नका. तो वेग या कन्सोलला झेपतच नाही.

डिस्क बदलल्यावर सिस्टीम सॉफ्टवेअर नव्यानं टाकावं लागतं. बरेच जण नेहमीच्या अपडेटची फाइल उतरवतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात. रिकाम्या डिस्कला रीइन्स्टॉलची वेगळी, मोठी फाइल लागते. ती ज्या पेनड्राइव्हवर टाकायची तो फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला हवा. गेमचे सेव्ह (खेळात गाठलेली प्रगती) आधीच बाहेर काढून ठेवा, हे सांगायला नको.

पीएस फाइव्हचा हिशेब वेगळा. यूएसबीनं बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हवर पीएस फाइव्हचे गेम फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत. पीएस फोरचे मात्र तिथून चालतात. पहिल्या पीएस फाइव्हच्या पुढचा चौकोनी यूएसबी पोर्ट संथ आहे, ड्राइव्ह मागच्या पोर्टलाच लावा. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) नको.

पीएस फाइव्हच्या आतल्या एम.२ स्लॉटला (पट्टीसारखी एसएसडी बसवायच्या खाचेला) जेन-४, म्हणजे चौथ्या पिढीची, एनव्हीएमई लागते, सोनीची शिफारस ५५०० एमबी प्रतिसेकंद किंवा जास्त. दिसायला तशीच असलेली एम.२ साटा स्वस्त मिळते, पण चालत नाही. खोक्यावर 'एम.२' एवढंच वाचून पैसे देऊ नका.

ही ड्राइव्ह हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीशिवाय) बसवणं ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक. सोनीनं कन्सोलसाठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सांगितलंय. परभणीत मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा चाळिशी ओलांडतो! हीटसिंकसकट उंची ११.२५ मिमीच्या आत हवी, नाहीतर स्लॉटचं झाकण बसत नाही. ड्राइव्ह आणि हीटसिंकमधल्या थर्मल पॅडवरचं (उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्टीवरचं) पातळ प्लास्टिक सोलायचं राहून जातं. ते राहिलं तर हीटसिंक असून नसल्यासारखा. स्लॉटमधला छोटा स्पेसरही (स्क्रूखालची कडी) ड्राइव्हच्या लांबीप्रमाणे सरकवा, नाहीतर स्क्रू लागणारच नाही.

राहिली लाइट. गेम उतरत असताना लाइट गेली की बाहेरच्या ड्राइव्हवरचा डेटा बिघडू शकतो. इन्व्हर्टर असला तरी तो यूपीएस मोडवर आहे का बघा, नाहीतर लाइटवरून बॅटरीवर जाण्याच्या क्षणात कन्सोल बंद पडतो. तसं झालंच तर फॉरमॅट मारायची घाई नको. कन्सोल पूर्ण बंद करून पॉवर बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरा, मग उघडणाऱ्या सेफ मोडमधून (दुरुस्तीच्या मेन्यूतून) 'रीबिल्ड डेटाबेस' (ड्राइव्हवरच्या गेमची यादी नव्यानं बनवणं) चालवा. त्यानं गेम जात नाहीत.