पिलू रिपोर्टरांची आठवण मैदानावर कशी काढावी

अंपायर पिलू रिपोर्टरांच्या आठवणीत आम्ही सामना घेतो. पहिल्या वर्षी सगळंच चुकवलं. फ्लेक्सवर '२२ कसोटी, १४ एकदिवसीय' असं छापून आलं, खरे आकडे बरोबर उलटे. पाच जणांची भाषणं झाली, तोवर आभाळ भरून आलं आणि वीस षटकांचा सामना आठ षटकांचा करावा लागला. अंपायरच्या नावाचा सामना पाऊण तास उशिरा सुरू! मी स्वतः पंचवीस वर्षं क्लबच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहतोय, लाज वाटली. कुणाला असा सामना घ्यायचा असेल तर आमच्या ठेचा कामी येतील.

तारखेपासून सुरुवात करा. रिपोर्टर गेले ३ सप्टेंबर २०२३ला, वयाच्या ८४व्या वर्षी. पण मुंबई-ठाण्यात सप्टेंबर म्हणजे कांगा लीगचे, म्हणजे भर पावसाळ्यातल्या क्रिकेट स्पर्धेचे दिवस. मैदान ओलं, गवत वाढलेलं, जमिनीवरून मारलेला चेंडू सीमारेषेच्या अलीकडेच दम तोडतो. आमच्या त्या आठ-आठ षटकांत चौकार किती, तर तीन. पुण्यतिथीचा हट्ट सोडा, डिसेंबरात घ्या. चौकार का हवेत ते पुढे येतंय.

फोटो ठेवा, पण रिपोर्टर पारशी होते, तेव्हा हार-कुंकू करण्याआधी एखाद्या पारशी मित्राला विचारा. आपली रीत सगळ्यांची नसते. टॉसच्या आधी एक मिनिट शांत उभं राहायचं, खेळाडूंनी दंडाला काळी फीत बांधायची, एवढं पुरे.

बोलणारा एकच ठेवा आणि त्याला तीन मिनिटं द्या. त्याने कारकिर्दीची यादी वाचू नये, लाहोर सांगावं. नोव्हेंबर १९८६, पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडिज. त्या काळी दोन्ही अंपायर यजमान देशाचेच असायचे आणि पाहुणा संघ हरला की पहिलं बोट त्यांच्याकडे. इम्रान खानने आग्रह धरला की बाहेरचे अंपायर आणा. मग व्ही. के. रामस्वामी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळात नोकरी केलेले आपले रिपोर्टर, असे दोन भारतीय लाहोरला उभे राहिले. यजमान डावाने हरले, तरी अंपायरच्या नावाने शंख कुणाला करता येईना. आयसीसीने कसोटीला एक तटस्थ अंपायर सक्तीचा केला तो १९९४मध्ये, दोन्ही तटस्थ व्हायला २००२ उजाडलं. नव्या पोरांना एवढं कळलं तरी बस.

आता मुख्य गोष्ट, चौकाराची खूण. नियमात एवढंच आहे की हात एका बाजूकडून दुसरीकडे हलवायचा आणि शेवटी छातीवर आडवा आणायचा. बाकी ज्याची त्याची लकब. रिपोर्टरांचं अख्खं अंग त्या खुणेत उतरायचं. दूरदर्शनवर बघून आम्ही गल्लीत तसाच चौकार द्यायचो. कधी कधी फटका कुणी मारला ते विसरायचो, खूण लक्षात राहायची.

जुन्या चित्रफिती मिळतात. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही अंपायरना त्या दोन-तीनदा दाखवा, मग आरशासमोर करायला लावा. नक्कल नाटकी झाली की लोक हसतात आणि माणूस बाजूला राहतो. आमच्या एका पोराने कमरेतून इतका झोका दिला की खिशातले चेंडू मोजायचे खडे गवतात सांडले, आणि षटकातले किती चेंडू झाले हे स्कोअररला विचारायची पाळी आली. (क्लिकर सगळ्यांकडे असतो, पण त्या दिवशी मी मुद्दाम सहा खडेच देतो.) हात मोकळा सोडा, खांदा सैल ठेवा, आणि चेंडू दोरीला लागल्याची खात्री होईपर्यंत हलू नका. त्या खात्रीनंतरच लकब शोभते.

दुसरी बाजू स्कोअररची, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. खूण ही प्रेक्षकांसाठी नसतेच, ती स्कोअररसाठी असते. त्याने हात वर करून पोच दिल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही, हाही नियम आहे. क्लबच्या सामन्यात तो वहीत डोकं घालून तिथूनच 'हां हां' करतो. या सामन्यात त्याने प्रत्येक चौकाराला उभं राहून हात वर करायचा. टेबलही मंडपाच्या सावलीत लपवू नका, साइटस्क्रीनजवळ अंपायरला दिसेल असं लावा.

अंपायर म्हणून परीक्षा नुकतीच पास झालेले दोघे उभे करा, मानाचे पाहुणे नकोत. चुकले तर चुकू द्या. डेव्हिड शेपर्डसारख्या लाडक्या अंपायरकडूनही २००१ला ओल्ड ट्रॅफर्डवर नो-बॉल सुटले होते, आणि तो इतका खचला की अंपायरिंग सोडायच्या विचारात होता. चहाच्या वेळी पोरांना हे जरूर सांगा, विशेषतः ज्याने नुकताच चुकीचा पायचीत दिलाय त्याला.

चषक, शाल-श्रीफळ यांत पैसे घालवू नका. आम्ही त्या पैशात दोन पांढरे कोट शिवून घेतले, खोल खिशांचे, सहा खडे आणि एक चेंडू आरामात मावेल असे. शिंप्याने आधी खिसे नेहमीसारखे उथळच शिवले होते, ते उसवायला लावले.

सामना संपला की दोन्ही अंपायरनी स्कोअररशेजारी बसून वही जुळवायची आणि खाली सह्या करायच्या. गेल्या खेपेला सतरा चौकार निघाले. पोच सोळांनाच मिळाली होती, कारण एकदा आमचा स्कोअरर वडापाव आणायला गेला होता.