श्वासाच्या चाचणीवर अन्ननलिकेची सूज ठरवताय? या चुका टाळा

फेनो या फुंकून करायच्या चाचणीत मशीनवर १८ असा कमी आकडा आला की पेशंट हमखास विचारतो, “म्हणजे अन्ननलिका साफ ना?” नाही हो. फेनो चाचणी श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजते आणि तो मुख्यतः श्वासनलिकांची हालहवाल सांगतो. इओसिनोफिलिक इसोफेजायटिसचं, म्हणजे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी साठून अन्ननलिकेला येणाऱ्या सुजेचं, निदान आजही दुर्बिणीनेच होतं. अन्ननलिकेच्या वरून-खालून मिळून तपासणीसाठी किमान ६ तुकडे घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये (मोठं करून पाहिल्यावर एका वेळी दिसणाऱ्या भागात) १५ किंवा जास्त इओसिनोफिल दिसायला हवेत. शिवाय या पेशंटपैकी कितीतरी जणांना दमा नाहीतर ॲलर्जीची सर्दी असतेच, मग वाढलेला आकडा नेमका कुणाच्या नावावर टाकणार? दुर्बीण टाळायची घाई मला समजते. पण तिच्यापायी नुसत्या फुंकरीवर निदान करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

उतरलेला आकडा तर जास्तच फसवतो. एका तरुणाला अन्ननलिकेसाठी फ्लुटिकासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा पंप दिला होता. फेनो ४६ वरून १७ वर आला, घरचे खूश. घास मात्र पूर्वीसारखाच अडकत होता. मी म्हटलं, “पंप कसा घेतोस, दाखव बरं.” पठ्ठ्याने पंपाला स्पेसर (औषध फुप्फुसात नीट जावं म्हणून लावायची नळी) लावला, ओठ घट्ट मिटले, छाती भरून श्वास ओढला आणि १० सेकंद रोखून धरला. दम्यासाठी पैकीच्या पैकी मार्क! अन्ननलिकेसाठी मात्र स्पेसर न लावता तोंडात फवारायचं, श्वास आत न ओढता गिळायचं आणि पुढे अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्याचं औषध बहुतेक फुप्फुसात जात होतं, म्हणून आकडा उतरला आणि अन्ननलिका कोरडीच राहिली. तेव्हापासून मी आकडा वाचायच्या आधी पंप घेऊन दाखवायला लावते.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. बीट-पालक खाऊन येऊ नका, आकडा फुगतो. सिगारेटने तो उतरतो. आधीचा तासभर खाणं-पिणं, व्यायाम बंद. स्पायरोमेट्री (जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची चाचणी) असेल तर ती फेनोनंतर.

आणि जोर लावून फुंकू नका, मेणबत्ती विझवायची नाहीये! सेकंदाला ५० मिलिलिटर अशा एकाच संथ धारेत मोठ्यांनी १० सेकंद श्वास सोडायचा. जोर वाढला की आकडा खोटाच कमी येतो.

युरियाची श्वास-चाचणी ही नव्हे, ती जठरातल्या एच. पायलोरी या जंतूसाठी.

घास अडकून लाळही गिळता येत नसेल, तर माझ्याकडे फुंकायला येऊ नका, थेट इमर्जन्सी गाठा.