युरोपात केमिकल पाठवताय? नियम सोपे होणार म्हणून गाफील राहू नका

युरोपियन कमिशनने 8 जुलै 2025 ला केमिकलचे नियम सोपे करायचा प्रस्ताव आणला, कंपन्यांचा खर्च कमी व्हावा, बाजारात टिकता यावं म्हणून, आणि तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटतंय की रीचची, म्हणजे केमिकलचं रजिस्ट्रेशन मागणाऱ्या युरोपियन कायद्याची, कटकट संपली. तसं काही नाहीये. त्यात मुख्यतः लेबल, कॉस्मेटिक्स आणि खतं एवढंच आहे. लेबलवरच्या अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर वगैरे 2024 मध्ये कडक केलेलं सैल करायचं चाललंय, तारखाही 1 जानेवारी 2028 पर्यंत पुढे ढकलल्यात. म्हणजे नवीन लेबल छापायची घाई नको, पण जुने लेबल नियम लागूच आहेत!

आता खरं काम. एक्सेल उघडा आणि प्रॉडक्टची नावं नाही, आतले पदार्थ लिहा, कॅस नंबरसकट (प्रत्येक पदार्थाचा ठरलेला ओळख क्रमांक), आणि कुठला इम्पोर्टर वर्षाला किती घेतो तेही. एका इम्पोर्टरचं 1 टन झालं की रजिस्ट्रेशन लागतं. मिश्रण असेल तर आतला प्रत्येक पदार्थ वेगळा मोजा. पॉलिमरला सूट आहे, पण त्यात जोडलेला मोनोमर (ज्या छोट्या रेणूंपासून पॉलिमर बनतो तो) 2 टक्के किंवा जास्त आणि वर्षाला टनभर झाला तर त्याचं रजिस्ट्रेशन आलंच, हमखास गफलत होते ती इथेच.

मग रजिस्ट्रेशन कोण करणार ते ठरवा. इम्पोर्टर करू शकतो, नाहीतर तुम्ही युरोपात ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह (तुमच्या वतीने रजिस्ट्रेशन करणारा तिथला प्रतिनिधी) नेमा, म्हणजे ग्राहक बदलला तरी रजिस्ट्रेशन तुमच्या मालाला लागू राहतं. मला हाच रस्ता बरा वाटतो. फक्त ट्रेडिंग करणाऱ्याला मात्र तो नेमता येत नाही, उत्पादक किंवा मिश्रण बनवणाराच हवा.

टेस्टिंगची ऑर्डर लगेच देऊ नका, आधी हेलसिंकीच्या युरोपियन केमिकल्स एजन्सीकडे (ECHA) चौकशी टाका. त्या पदार्थाचं रजिस्ट्रेशन आधीच कुणी केलेलं असेल तर डेटा शेअर करावा लागतो, प्राण्यांवरच्या टेस्ट तर पुन्हा करायच्याच नाहीत, आणि 12 वर्षांपूर्वी सादर झालेला डेटा वापरायला पैसे पडत नाहीत. लेटर ऑफ ॲक्सेसची (दुसऱ्याचा डेटा वापरायच्या परवानगीची) रक्कम ऐकून मुकाट भरू नका, खर्चाचा तपशील मागा, तुमच्या टनेजला लागतो तेवढ्याच डेटाचे पैसे द्यायचे असतात.

फीमध्ये छोट्या कंपनीची सवलत घेताना मालकीने जोडलेल्या कंपन्यांची माणसं आणि उलाढालही धरा. ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह असेल तर त्याचा नाही, तुमच्या कंपनीचा आकार बघतात, आणि चुकीचं भरलेलं सापडलं तर फरक आणि वर दंडासारखा चार्ज असं दोन्ही भरावं लागतं.