राजदूत ३५०चे दोन कार्बोरेटर जुळवताना या चुका टाळा

गाडी स्लोला (रेस न देता) टिकत नाही, टिकली तर एका सायलेन्सरमधून ‘पॉप-पॉप’ आणि दुसऱ्यातून नुसता धूर. रेस दिली की आधी अडखळते आणि मग एकदम उसळी मारते. आरडीवाल्यांच्या (राजदूत ३५० म्हणजेच यामाहाची आरडी ३५०) या नेहमीच्या तक्रारीवर गॅरेजमध्ये उत्तरही नेहमीचंच असतं: ‘कार्बोरेटर मॅच नाहीत.’ मग स्क्रू-ड्रायव्हर निघतो, दोन्ही स्क्रू इकडे-तिकडे फिरतात, गाडी तासभर बरी चालते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड.

कार्बोरेटर जुळवणं हे शेवटचं काम आहे. दोन्ही सिलिंडर मुळात सारख्या तब्येतीचे असतील तरच त्यांना सारखं पेट्रोल-हवा देण्याला अर्थ असतो. एका बाजूला पॉईंट (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारा संपर्क) जळलेला आणि दुसऱ्या बाजूला नवा असताना स्लाइड (कार्बोरेटरमधली, रेसबरोबर वर-खाली होणारी झडप) कितीही सारख्या उचला, गाडी मिसफायर मारणारच.

आधी कुठली बाजू आळशी आहे ते बघा. इंजिन थंड असताना सुरू करा आणि मिनिटभरात दोन्ही एक्झॉस्ट पाइपांवर, सिलिंडरच्या अगदी जवळ, पाण्याचा एकेक थेंब टाका. चालणाऱ्या बाजूला थेंब चर्रकन उडून जातो, मेलेल्या बाजूला तो तसाच ओघळतो. मग दोन्ही प्लग आपसात बदला. दोष प्लगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर कार्बोरेटरला हातही लावायची गरज नाही. जुन्या पॉईंटवाल्या गाडीत प्रत्येक सिलिंडरचा पॉईंट आणि कंडेन्सर वेगळा असतो. पॉईंटची फट ०.३ ते ०.४ मिमी ठेवायची आणि टायमिंग दोन्ही बाजूंचं स्वतंत्रपणे लावायचं. एका बाजूचं लावून ‘दुसरं बरोबरच असेल’ असं धरून चालणारे बरेच भेटतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे हवेची गळती न शोधता ट्यूनिंगला बसणं. टू-स्ट्रोकचं क्रँककेस हाच तिचा पंप. मॅनिफोल्डच्या रबराला चीर असेल, रीडची (इनटेकमधल्या एकेरी झडपेची) पाकळी टवका उडून नीट बसत नसेल किंवा क्रँकची सील कडक झाली असेल तर त्या बाजूला फुकटची हवा शिरते. मग स्लो आपोआप वर चढतो, रेस सोडली तरी पटकन खाली येत नाही, आणि त्या बाजूचा प्लग पांढराफटक पडतो. इथे हवेचा स्क्रू आवळून मिश्रण जाड करणं म्हणजे पिस्टन चिकटायची वाट बघणं. उजवीकडची, म्हणजे क्लचच्या बाजूची सील गेली तर लक्षण वेगळं: गिअरबॉक्सचं ऑइल जळतं, एकाच सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. शंका असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनात साधारण ६ पीएसआय दाब भरा आणि तो टिकतो का पाहा. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. सहाच्या फार वर जाऊ नका, चांगली सीलसुद्धा बाहेर निघेल. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधायची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. ती कृपया तिथेच राहू द्या.

कार्बोरेटरच्या आत खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पायलट जेट (स्लोला पेट्रोल देणारी छोटी नळी) असतो. त्याचं भोक इतकं बारीक की महिनाभर गाडी उभी राहिली तरी बुजतं. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं, त्यामुळे वाटीच्या तळाशी पांढरट थर लवकर धरतो. जेट तारेने टोकरू नका, भोक मोठं झालं की ते कुठलंही ट्यूनिंग परत आणणार नाही. क्लीनरमध्ये भिजवा, कॉम्प्रेसरची हवा मारा आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का बघा. चोकच्या प्लंजरचं रबरही तपासा. ते झिजलेलं असलं की चोक बंद असूनही एक बाजू कायम जाड चालते. आणि स्वस्तातलं रिपेअर किट बसवलं असेल तर दोन्ही बाजूंच्या जेटवरचे आकडे आणि निडलची (स्लाइडला लटकणाऱ्या सुईची) क्लिप कुठल्या खाचेत आहे ते शेजारी ठेवून जुळवा. डावीकडे एक नंबर, उजवीकडे दुसरा, अशी गाडी कोणाच्याही हातून जुळणार नाही.

आता स्लाइड. लोक आयडल स्क्रू फिरवतात आणि त्याला सिंक म्हणतात. तो स्क्रू फक्त रेस पूर्ण सोडल्यावर स्लाइड कुठे टेकणार ते ठरवतो. रेस दिल्याक्षणी सगळा कारभार केबलकडे जातो. दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या गेल्या पाहिजेत, हेच सिंक. यातली चूक कुठे जाणवते तेही समजून घ्या. स्लाइड दोन मिमी उघडलेली असताना अर्ध्या मिमीचा फरक म्हणजे पाव हिस्सा झाला. वीस मिमी उघडल्यावर तोच अर्धा मिमी नगण्य. म्हणून गाडी ट्रॅफिकमध्ये, कमी रेसवर अडखळत असेल तर सिंकवर संशय घ्या. पूर्ण रेसवर मिसफायर मारत असेल तर मेन जेट (मोठ्या रेसला पेट्रोल देणारा), फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा), पेट्रोल कॉक आणि इग्निशन बघा, सिंकच्या नादी लागू नका.

हे काम इंजिन बंद ठेवून करायचं. एअर फिल्टरची नळी काढा, दोन्ही आयडल स्क्रू स्लाइड पूर्ण खाली बसेपर्यंत सैल करा आणि कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या ॲडजस्टरने केबलला किंचित ढिलाई द्या. मग सहा मिमीचे दोन एकसारखे ड्रिल बिट घ्या. रेस देऊन प्रत्येक स्लाइडखाली एकेक सरकवा, त्यांची शेपटी कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर राहील असं. रेस सोडली की स्लाइड बिटवर टेकते आणि बिट पकडून धरते. आता मूठ अगदी हळू फिरवा. दोन्ही शेपट्या एकाच क्षणी खाली झुकल्या पाहिजेत. एक आधी झुकली तर तिची स्लाइड आधी उचलली जातेय, त्या बाजूच्या केबलला ढिलाई द्या किंवा दुसरी ताणा. डोळ्याने ‘सारखंच दिसतंय’ म्हणून सोडलेलं काम इथे हमखास उघडं पडतं. बिट आत घसरणार नाहीत याची काळजी घ्या, आणि काम झाल्यावर दोन्ही हातात आल्याची खात्री केल्याशिवाय किक मारू नका.

कितीही जुळवलं तरी पुन्हा बिघडत असेल तर मुठीकडून येणारी केबल जिथे फुटते त्या जोडाकडे वळा. आतला छोटा प्लास्टिकचा तुकडा झिजला की तो तिरका होतो आणि एक केबल आधी ओढतो, कधी ही तर कधी ती. तो बदलायला पाहिजे, तिथे ॲडजस्टरची चलाखी चालत नाही. दुसरी गोष्ट, स्लाइड बसवताना तिची कापलेली कड फिल्टरच्या बाजूला यायला हवी. उलटी किंवा डावी-उजवीची अदलाबदल झाली तर ती खाली बसत नाही आणि किक मारताच इंजिन बेफाम रेस घेतं.

यानंतर आयडल. हवेचा स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरी बाहेर, ही सुरुवात. इंजिन चांगलं गरम झाल्यावर दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून धक्के सारखे लागतात का बघत आयडल स्क्रू थोडे-थोडे फिरवा. एका सिलिंडरवर चालवून बघायचं असेल तर काढलेल्या कॅपमध्ये जुना प्लग लावून तो इंजिनाला टेकवून ठेवा, कॉइल नाहक जाळू नका. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. स्लो चढला तर केबल कुठेतरी ताणली जातेय.

आणि ऑइल पंप. त्याची केबलही त्याच मुठीवर आहे, त्यामुळे कार्बोरेटरच्या केबलला हात लागला की पंपाचं गणित बदलतं. हे विसरून नुसते कार्बोरेटर जुळवून दिलेल्या गाड्या मग हायवेवर सीझ होतात. ढिलाई संपून स्लाइड उचलायला लागतात तेव्हा पंपाच्या पुलीवरची खूण पिनेसमोर आली पाहिजे. नेमकी खूण मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. पंप काढून टाकीत टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं: ऑइल जास्त घातलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. ‘सुरक्षित म्हणून थोडं जास्त’ हा हिशोब उलटा पडू शकतो.

इंटरनेटवरचे व्हॅक्यूम गेजचे (इनटेकची ओढ मोजणाऱ्या काट्यांचे) व्हिडिओ बघून आरडीला गेज लावायची धडपड करू नका. ती पद्धत चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांची. तिथे आधी व्हॉल्व्हच्या फटी तपासायच्या, कारण एक व्हॉल्व्ह घट्ट असला की स्क्रू कितीही फिरवा, त्या सिलिंडरचा काटा खोटंच बोलणार. तीन स्क्रू असतात: आधी १ आणि २ जुळवा, मग ३ आणि ४, आणि शेवटी मधल्या स्क्रूने दोन्ही जोड्या एकमेकींशी. स्क्रूला हात लावला की दर वेळी एक झटका रेस देऊन आकडा पुन्हा वाचा, नाहीतर स्प्रिंग बसायच्या आधीचाच आकडा खरा धराल. काटे थरथरत असतील तर नळीत रिस्ट्रिक्टर (धक्के दाबणारा अरुंद तुकडा) नाही. चारही काटे अगदी एका रेषेत यायलाच हवेत असं नाही. गाडीनुसार मॅन्युअल पाऱ्याच्या १० ते ४० मिमीचा फरक चालवून घेतं, त्यात बसलं की थांबा. या फोर-स्ट्रोक गाड्यांत मिश्रणाचा स्क्रू बहुधा इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोल मोजतो, म्हणून आवळला की मिश्रण पातळ होतं. आरडीच्या हवेच्या स्क्रूच्या बरोबर उलट. टाकी उतरवून बाहेरच्या छोट्या टाकीवर काम करत असाल तर पेट्रोल कॉकला जाणारी व्हॅक्यूमची नळी बंद करायला विसरू नका, नाहीतर त्या एका सिलिंडरवर गळती ठेवूनच तुम्ही बाकीचे तीन तिच्याशी जुळवत बसाल. आणि समोर पंखा लावा. हवेवर थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत पाच-दहा मिनिटांत तापतं, आणि तापलेल्या इंजिनाचा स्लो बघून केलेली जुळवणी रस्त्यावर टिकत नाही.